जबड्यातलं बुजवलेलं भोक

आधी शेफालीदींचं नाव लिहितो, मग बाकीचं. मला कलकत्त्याला त्यांनी आणलं. इंग्रजी अक्षरं आणि आकडे त्यांनी गिरवून घेतले, हाडावर मुंगीएवढ्या अक्षरात नंबर घालता येईपर्यंत. पहिल्याच हिवाळ्यात मी तापाने पडलो तेव्हा डमडमच्या माझ्या खोलीवर त्या बार्लीचा डबा घेऊन आल्या, आणि जाताना घरमालकिणीला दटावून गेल्या. आणि एकदा त्यांनी लिहायला उघडलेल्या पेनाला टोपण लावलं आणि ते परत पर्समध्ये ठेवलं. माझी नोकरी त्या टोपणावर उभी आहे. तेच सांगायचंय.

आपल्या इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी गोडबोले काकू तीन वर्षं माझ्या मागे होत्या. "तुमचं काम जगावेगळं, सुदामराव. आमचे हे बँकेतले, ते रेल्वेतले, सगळे बदल्यांवर लिहितात. तुम्ही हाडांवर लिहा." मी म्हणायचो, काकू, माझी शाळा सहावीत सुटली, शुद्धलेखन कोण तपासणार? यंदा हो म्हटलं. का म्हटलं ते शेवटी सांगतो.

मी मूळचा पाथरवट. आमच्या सिरोंचाकडे, प्राणहितेच्या काठी, वडील जाती आणि पाटे-वरवंटे घडवायचे. त्यांच्या छातीत दगडाची धूळ बसली आणि टाकी-हातोडी माझ्या हातात आली. दर हिवाळ्यात कलकत्त्याची माणसं आमच्याकडे तंबू टाकायची आणि ओढ्याच्या काठांमधून लाल माती उकरायची. गावात पक्की समजूत, सोनं शोधतात. मी त्यांच्याकडे खोदायला गेलो. एक दिवस एका ढेकळात पांढुरकं काहीतरी दिसलं. बाकीचे गडी कुदळ मारणार, तेवढ्यात मी बसकण मारली आणि बारीक टाकीने बाजूचा दगड उडवत गेलो, जात्याला टाकी लावतात तसा, हलक्या हाताने. मागे उभं राहून कुणीतरी बघत होतं. डोक्याला रुमाल बांधलेल्या, चष्मा लावलेल्या बाई.

"कुठे शिकलास?" त्यांनी हिंदीत विचारलं.

"जात्यावर," मी म्हटलं.

त्या शेफालीदी. त्या संशोधन करत होत्या, आमच्या मोठ्या साहेबांच्या हाताखाली. पुढच्या पावसाळ्याआधी त्यांचं पत्र आलं, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा दोन रात्रींचा रेल्वेप्रवास केला.

आमचं काम काय, ते सोप्या भाषेत सांगतो. फार जुन्या काळी मेलेल्या जनावराचं हाड मातीत गाडलं जातं आणि हळूहळू त्याचाच दगड होतो. भोवतीच्या मातीचाही दगड होतो. दगडातून दगड सोडवायचा, एवढंच काम. रानात सापडलं की त्यावर ओला कागद, मग प्लास्टरमध्ये बुडवलेले पोत्याचे पट्टे, असं गाठोडं बांधून आणतात. माझ्या टेबलावर ते उघडतं. ग्रामोफोनच्या सुया लाकडी मुठीत बसवून त्यांनी कण कण काढायचे. चिवट जागी दातांच्या डॉक्टरकडे असतं तसलं घुर्रर्र करणारं यंत्र. हाड भुसभुशीत असेल तर स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचा हात द्यायचा. दिवसाला नखाएवढा भाग सुटला तर चांगला दिवस. कुठे मोडलं असेल तर प्लास्टरने भरायचं, पण त्याला एक नियम आहे: भरलेला भाग हाडापेक्षा केसभर खाली आणि एक छटा फिकट ठेवायचा. बघणाऱ्याला कळलं पाहिजे, हे देवाचं आणि हे माणसाचं. शिवाय प्रत्येक नमुन्याचं कार्ड असतं. त्यात 'दुरुस्ती' असा रकाना असतो. जे भरलं, जोडलं, ते तिथे लिहायचं.

घरमालकिणीला हे कधीच पटलं नाही. मी हाडांत काम करतो हे कळल्यापासून मी आत आलो की त्या उंबऱ्यावर गंगाजल शिंपडायच्या. "स्मशानातली नाहीत, माशीमा, दगडाची आहेत," मी म्हणायचो. "दगडाची झाली म्हणून काय झालं," त्या म्हणायच्या, "मेलं होतं ना?"

मी पाय पुसून आत जायचो.

प्रयोगशाळेत माझ्या जोडीला निमाईदा होते. प्लास्टर कालवणं, चहा आणणं, गाठोडी उचलणं, आणि मला छळणं. बंगालमध्ये आया मुलांना अजून मराठा घोडेस्वारांची, बर्गींची, भीती घालून झोपवतात, हे मला त्यांच्याकडून कळलं. "बर्गी आला रे, बिस्किटं लपवा," असं ते रोज सकाळी ओरडायचे. त्या खोलीत माझ्याशी एवढं बोलणारं दुसरं कुणी नव्हतं. संध्याकाळी सियालदाहून लोकलने डमडमला परतायचं, खोलीत भात टाकायचा, आणि आपल्याच आवाजाची सवय राहावी म्हणून भांड्यांशी मराठीत बोलायचं. महिना महिना मराठी कानावर पडायची नाही. गोडबोले काकूंची ओळख झाली ती पुष्कळ नंतर. पहिल्यांदा त्यांच्या बालीगंजच्या घरी गेलो आणि त्यांनी दारातच "या, बसा" म्हटलं, तेव्हा मला बसायचं सुचेना.

लोकही नमुनेदार यायचे. एकदा पांढरं धोतर, हातात काठी असे एक वृद्ध गृहस्थ लाल कापडात काहीतरी गुंडाळून आले. त्यांच्या पणजोबांना स्वप्नात दृष्टांत झाला होता की हा राक्षसाचा अंगठा आहे. उघडलं तर हत्तीची दाढ, तीही फारशी जुनी नाही. त्यांना फक्त 'अतिप्राचीन' एवढं लिहून हवं होतं. मला त्यांची दया आली. म्हटलं, दीदी, लिहून द्या ना, कुणाचं काय जातं? शेफालीदींनी त्यांना चहा पाजला, दाढेचं कौतुक केलं, पण लिहून दिलं नाही. ते गेल्यावर मला म्हणाल्या, "सुदाम, आपल्याकडे दुसरं काही नाही. जे बघितलं ते बघितलं म्हणायचं, जे नाही बघितलं ते नाही. एवढं सोडलं तर आपण दगड विकणारे."

हे वाक्य माझ्याकडून मोडणार होतं.

भिंतीभिंतींवर घोषणा रंगवलेल्या असायच्या त्या वर्षांतली गोष्ट. दिवसातून दोनदा वीज जायची. माझ्या टेबलावर तेव्हा एक जबडा होता. हातभर लांब, सरड्यासारख्या पण बैलाएवढ्या जनावराचा. आमच्याच भागातून आलेला, म्हणून माझा जीव होता त्याच्यावर. शेफालीदींचं दोन वर्षांचं सगळं संशोधन त्या जबड्यावर चाललं होतं.

त्या दुपारी यंत्र चालू असताना वीज गेली. अशा वेळी पहिला नियम, यंत्र नमुन्यावरून उचलायचं आणि भिंतीवरचं बटण बंद करायचं. त्या सकाळीच घरून पत्र आलं होतं. आईला लिहिता येत नाही, शेजारच्या मास्तरांनी लिहिलेलं. मी यंत्राचं टोक जबड्याच्या खाचेत तसंच टेकवलं आणि खिडकीच्या उजेडात पत्र वाचायला गेलो. वडिलांचा खोकला, धाकट्याची शाळा, गाय व्याली. शेवटी मास्तरांनी आपल्या मनाने घातलं होतं, 'आई विचारते, तुला तिथे कुणी आपलं आहे का.' तेवढ्यात वीज आली.

घुर्रर्र झालं. मी धावलो. जबड्याच्या आतल्या बाजूला, मागच्या दाताखाली, ज्वारीच्या दाण्याएवढं गोल भोक पडलं होतं. निमाईदा चहा घेऊन दारात उभे होते. त्यांनी बघितलं, कप टेबलावर ठेवला आणि बाहेर गेले.

मी कुणाला सांगितलं नाही. माझी जागा हंगामी होती. नमुना बिघडवला म्हणून माझ्या आधीच्या माणसाला घरी पाठवलं होतं, आणि मला तेच दिसत होतं: सिरोंचाची मोटर, गावचा रस्ता, दारात वडील. मी भोकाची कड सुईने गुळगुळीत केली. पाथरवटाचा हात, कड अशी झाली की जन्मापासून तिथेच असावी.

आठवड्याने शेफालीदी जवळजवळ पळतच माझ्या टेबलाशी आल्या. "सुदाम! काय बाहेर काढलंस हे! नस जायची वाट आहे ही. या जातीच्या एकाही जबड्यात आजवर कुणी बघितलेली नाही." त्यांनी भिंगाखाली त्याचं चित्र काढलं होतं. मला संदेश, त्यांच्याकडची ती छेन्याची मिठाई, खायला दिला. तो माझ्या तोंडात नुसता फिरत राहिला.

मी तीन आठवडे तसेच काढले. शेवटी एका शनिवारी, सगळे गेल्यावर, त्यांच्यापुढे उभा राहिलो आणि सांगून टाकलं. त्यांनी जबडा खिडकीशी नेऊन भोक पुन्हा बघितलं. मग म्हणाल्या, "मी लेखाचा पहिला खर्डा गेल्याच आठवड्यात मोठ्या साहेबांना वाचायला दिला. चित्रासकट."

"आता?"

"आता काय. पक्क्या प्रतीत काढून टाकीन. तू भरून घे ते. फिकट ठेव, आणि केसभर खाली." त्यांनी कार्ड काढलं, पेनाचं टोपण उघडलं. दुरुस्तीच्या रकान्यावर निब टेकणार, तेवढ्यात मी हात जोडले.

"दीदी, कायम करायची यादी या महिन्यात जाणार आहे. कार्ड साहेब बघतात."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. चष्मा काढून पुसला, परत लावला. आणि टोपण लावलं.

मी भोक भरलं. पण घाबरलेल्या माणसाचा हात नियम पाळत नाही. प्लास्टरमध्ये जबड्याभोवतीच्याच दगडाची पूड मिसळली, वर लाख फिरवली, पातळी तंतोतंत मिळवली. भिंग लावून शोधलं तरी सापडू नये असं काम. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम ते, आणि सगळ्यात वाईटही. शेफालीदींनी भिंगाखाली बघितलं आणि एवढंच म्हणाल्या, "असायला नको इतका चांगला कारागीर आहेस तू."

यादी त्या महिन्यात गेलीच नाही, लांबली. पक्की प्रत शेफालीदींच्या टेबलावर तयार होत होती. आणि काही महिन्यांनी एका सकाळी टपालात परदेशातलं नियतकालिक आलं. आमचा जबडा त्यात होता. लेखक एकच, मोठे साहेब. दोन वर्षांची मापं, निष्कर्ष, वाक्यंसुद्धा शेफालीदींची. शेवटी बारीक टाइपात, चित्रं काढायला मदत केल्याबद्दल त्यांचे आभार. माझं नाव कुठेच नव्हतं, ते नसतंच. पण माझं भोक मात्र छापून आलं होतं. बाणाची खूण करून. खाली परिच्छेदभर वर्णन, नस जाण्याची वाट, आजवर न आढळलेली.

शेफालीदींनी ते पान माझ्यापुढे ठेवलं. त्या हसत होत्या, पण ते हसणं मला बघवलं नाही. मला समजायला थोडा वेळ लागला. लेख पाठवण्याआधी साहेबांनी जबडा स्वतः बघितला असता तर त्यांना भोक दिसलंच नसतं, कारण ते कधीच भरलं गेलं होतं. ते भोक फक्त त्या पहिल्या खर्ड्यात होतं. म्हणजे चोरीचा शिक्का चोरलेल्या मालावरच होता, आणि तो मी मारला होता.

शेफालीदींनी वर तक्रार केली. तिघांची समिती बसली, त्यातले एक प्राध्यापक बाहेरचे. आदल्या दिवशी शेफालीदी माझ्याकडे आल्या. मला वाटलं, आता सांगतील, सुदाम, उद्या खरं बोल. त्या म्हणाल्या, "तुला बोलावतील. विचारतील तेवढ्याचं उत्तर दे. कार्डाचा विषय मी काढणार नाही."

"का, दीदी?"

"तुझी यादी अजून गेलेली नाही ना."

मी रात्रभर वाक्य जुळवत होतो. हिंदीत, बंगालीत, मग मराठीत. मराठीतच नीट जमत होतं.

समितीच्या खोलीत जबडा मखमलीवर ठेवला होता. साहेब ताठ बसले होते, वाईट माणूस नव्हते हो, मला दर दुर्गापूजेला धोतरजोडी द्यायचे. त्यांनी सांगितलं, आपण तो जबडा संपूर्ण हिवाळा स्वतः अभ्यासला, मिस् शेफालींनी रेखाटनं केली, बस. बाहेरच्या प्राध्यापकांनी भिंग लावलं. बराच वेळ फिरवलं.

"आकृतीत इथे भोक आहे. मला जबड्यात दिसत नाही."

साहेबांचा चेहरा एक क्षण कोरा झाला. त्यांनाही पहिल्यांदाच कळत होतं. "माती भरली असेल," ते म्हणाले. "साफ करणाऱ्याला विचारा."

सगळे माझ्याकडे वळले. प्राध्यापक हळू आवाजात म्हणाले, "घाबरू नकोस. या ठिकाणी कधी भोक होतं का? तू काही केलंस का?"

एवढंच तर सांगायचं होतं. होतं, सर, मी पाडलं, मी बुजवलं. दहा शब्दसुद्धा नाहीत. शेफालीदी माझ्याकडे बघत नव्हत्या, मांडीवरच्या पर्सकडे बघत होत्या. माझ्याकडे बघायचं नाही म्हणजे मला मोकळं ठेवायचं, हे मला तेव्हाही समजलं.

"आठवत नाही, सर," मी म्हटलं.

साहेबांनी श्वास सोडला. मग म्हणाले, "म्हणजे रेखाटनातली चूक. मी चित्रावर विसंबलो, हा माझा दोष."

प्राध्यापकांनी शेफालीदींना विचारलं, "चित्र तुमचं आहे?"

आता तरी त्या बोलतील असं मला वाटलं. वाटलं नाही, मी मनात विनवलं, बोला, म्हणजे मला बोलावं लागणार नाही.

"हो," त्या म्हणाल्या. "चित्र माझं आहे."

समितीने लिहिलं, श्रेय साहेबांचं, चूक मिस् शेफालींची. दोन्ही बाजूंनी त्याच गेल्या.

पुढच्या महिन्यात त्यांनी राजीनामा दिला आणि उत्तर बंगालमधल्या एका लहान गावी मुलींच्या कॉलेजात शिकवायला गेल्या. जाताना त्यांचं भिंग मला दिलं. "कामाला येईल," म्हणाल्या. मी पाया पडलो, त्यांनी खांदे धरून उठवलं. त्या चिडल्या असत्या तर मला इतकी वर्षं सोपी गेली असती.

दोन महिन्यांनी मी कायम झालो. निमाईदांनी टेबलावर मिठाई ठेवली. "पक्का झालास, बर्गी." मग नेहमीचं हसू न आणता म्हणाले, "तू लुटलं नाहीस. तू फक्त दार उघडं ठेवलंस." त्या दिवसापासून त्यांनी बर्गी म्हणणं सोडलं. सुदामबाबू म्हणायला लागले. मला ते बाबू अजून लागतं.

काम चांगलं चाललंय. वडील गेले, धाकटा मास्तर झाला. माझ्याकडे आता नवीन माणसं शिकायला देतात. त्यांना पहिल्या दिवशी जबडे दाखवत नाही, भिंतीवरचं बटण दाखवतो. वीज गेली की पन्नाशीतली माणसंसुद्धा माझ्या खोलीत आधी हात वर करतात, यंत्र उचलून, शरण आल्यासारखी. लोक हसतात. हसू देत.

तो जबडा आता काचेच्या कपाटात आहे. पाटीवर साहेबांचं नाव. दर सोमवारी मी काच पुसतो. मागच्या हिवाळ्यात एक परदेशी पाहुणे आले, खास त्या नसेच्या वाटेसाठी. त्यांनी भिंगाने शोधलं, मान हलवली, वहीत काहीतरी लिहिलं, निघून गेले. मी फडकं हातात घेऊन शेजारीच उभा होतो. खोटी गोष्ट माझ्या हातून पडली आणि बोटीने जगभर गेली, आणि खरी गोष्ट सांगायला मी चार पावलंसुद्धा पुढे गेलो नाही.

आता, यंदा काकूंना हो का म्हटलं. कारण आमच्या ऑफिसात कुणाला मराठी येत नाही. हे लिहिताना मला तेवढा धीर होता, आणि तो धीर कसला आहे हे मला माहीत आहे. जिथे कुणी वाचणार नाही तिथे कबुली देणं म्हणजे पुन्हा तंतोतंत रंग जुळवून भोक बुजवणंच. म्हणून काकूंच्या मुलीला विचारलंय. तिला मराठी बोलताना अडखळायला होतं, पण बंगाली मोत्यासारखं लिहिते. अंक निघाला की ती याचं बंगाली करून देणार आहे, आणि ते मी त्या कॉलेजच्या पत्त्यावर पाठवणार आहे. त्या अजून तिथे असतील तर.

शेफालीदी, नुसत्या पत्राने हे फिटत नाही, एवढं मला कळतं. साहेब निवृत्त व्हायचे आहेत, मी अजून घाबरतो. पण स्पिरिटचा बोळा आणि एक ग्रामोफोनची सुई, एवढंच लागतं. लाख विरघळेल, प्लास्टर पाच मिनिटांत सुटेल. एक दिवस मी कपाट उघडायला लावीन, तेव्हाच्या साहेबांसमोर, चारचौघांसमोर, आणि ते भोक मोकळं करीन. मग कार्ड मागवीन. दुरुस्तीचा रकाना अजून कोरा आहे, मी दर वर्षी जाऊन बघतो. तुम्ही शिकवलेल्या अक्षरांत तिथे मी लिहीन, काय केलं आणि कुणी केलं. तुम्ही टोपण लावलंत, ते उघडायचं माझ्याकडे राहिलंय. ते मी उघडीन.